चौतीस उभा

डुलुथमध्ये बर्फाने जोर धरला की आम्ही अकरा ट्रक बाहेर,
आणि लोर्ना हाविस्तो आत, रेडिओपाशी,
एका कोपराखाली रस्त्यांचा नकाशा, दुसऱ्याखाली चौकटींचा कागद.
पंधरा गुणिले पंधरा. कागद उलटा धरला
तरी काळी घरं जिथल्या तिथे दिसली पाहिजेत.
असं का, म्हणून मी एकदा विचारलं.
म्हणाली, रीत आहे. तू उजवीकडून ओव्हरटेक करतोस का?
कधीकधी, मी म्हणालो.
तिने ते नोंदवहीत लिहिलं नाही, हे उपकार.

रात्री अडीचला रेडिओ खरखरायचा.
वाटायचं, कुठेतरी गाडी घसरली.
"सहा नंबर, ऐक. पाच अक्षरं, दुसरं यू, शेवटचं ओ."
नांगर खाली, वायपर थकलेले, समोर नुसतं पांढरं,
आणि मी यू आणि ओ यांच्यामध्ये अडकलेला.
सात नंबरचा कुबिआक म्हणाला, टर्बो.
त्याला यंत्राबाहेरचं काही सुचत नाही.
तिने जंबो घेतला, आणि तासाभराने तोही खोडला,
कारण एक शब्द आडवा टाकला
की दुसरा उभा राहीना.

तिच्या खिडकीतून सुपीरिअर दिसतो,
समुद्रासारखा, धातूच्या रंगाचा, बोटी गिळून बसलेला.
पण कोड्यात ती दर वेळी एरी लिहायची.
चार अक्षरं, त्यात तीन स्वर, कुठेही बसतो.
"आपलं तळं मोठं आहे गं," मी म्हणालो.
"म्हणूनच," ती म्हणाली.

तीनदा परत आलं.
पहिल्यांदा नुसतं आभार.
दुसऱ्यांदा, कल्पना जुनी वाटते.
तिसऱ्यांदा, डावीकडचा खालचा कोपरा ढिला आहे.
"ढिला, म्हणे," ती रेडिओवर म्हणाली, सगळ्या गाड्यांना,
आणि त्या रात्री एकाच गल्लीत तीन नांगर पाठवले.
आम्ही तिघं समोरासमोर दिवे लावून उभे,
हसावं की वळावं कळेना.

जानेवारीत मेसाबाच्या चढावर माझी टाकी रिकामी झाली.
वैतागून म्हणालो, पहाटेचे तीन वाजलेत,
मी हे पेरत बसलोय, आणि उगवणार काय, डोंबल?
पलीकडे पेन्सिलचा आवाज आला.
"चौतीस उभा तुझा," ती म्हणाली.
पुढे काही सांगितलं नाही.

चौथ्यांदा घेतलं. किरकोळ बदल करू, असं पत्रात होतं.
मग आठ महिने काहीच नाही. ती उन्हाळाभर
खड्ड्यांच्या तक्रारी लिहून घेत होती.

नोव्हेंबरातला मंगळवार. पंपावर पेपर घेतला,
इंजिन चालू ठेवून, हातमोज्यातच पेन धरून बसलो.
वर तिचं नाव, आडनावातला एक ए गळालेला.
दोनशे पंचवीस घरं भरणाऱ्या बाईच्या नावात
एक घर रिकामं.
एरी होता, आडवा, बाराव्यावर.
कोपरा आता ढिला नव्हता, मला तरी तोडता येईना.
आणि चौतीस उभा:
'जेवणात चिमूटभर'.

चार अक्षरं. भरली.
भरल्यावर बराच वेळ त्या चिमटीकडे बघत राहिलो.

रात्री ड्यूटीवर बटन दाबलं. "लोर्ना, चौतीस बदललाय."
"माहीत आहे."
खरखर. कुठूनतरी बोटीचा भोंगा, लांब.
मग तिचा कामाचा आवाज:
"सगळ्या गाड्यांना. चार अक्षरं.
पहाटे तीनला पेरतात, उगवत नाही."

कुबिआक म्हणाला, डिझेल.
सहा होतात, ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.
चढाला गाडी लावली, कळ ओढली,
मागे चकती फिरायला लागली.