ळ गिरवताना

प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो हात निघाला
तो माझा नव्हताच.
फिकट, सालपटं सुटलेला, कुणीतरी उसना दिल्यासारखा.
खारीवाव रोडवरच्या फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या,
"बेन, कांडुं फेरवो. धीमे धीमे. रोज."
हवेत मनगट फिरवायचं, वीस वेळा, नुसतंच.
मी बँकेत चौतीस वर्षं काढली.
नुसतंच काही करायची सवय नाही.

वरच्या खोलीत प्रज्वल राहतो, चिकमगळूरचा,
फाइन आर्ट्सला मूर्तिकाम शिकतो.
सकाळी सहाला त्याच्याकडून घरघर यायची,
मला वाटायचं, दगड घासतोय.
एक दिवस तो खाली आला. हातात स्टीलची नळी,
तिच्या डोक्यावर आडवा दांडा, दांड्याला लाकडी मूठ.
"हवा क्यों घुमाते हो आंटी, ये घुमाओ."

बिया अठरा ग्रॅम, काट्यावर मोजून.
चमच्याची दांडी ओली करून एकदाच आत फिरवायची,
मग फोलपटं नळीला चिकटत नाहीत.
खालची चकती पूर्ण आवळून मागे सोडायची,
कट, कट, कट, बावीसपर्यंत.
नळी गुडघ्यांत धरायची, पोर न्हाऊ घालताना धरतात तशी.
तो समजावत होता आणि मी मनात म्हणत होते,
आमच्या घरात चहा पितात.

पहिल्या दिवशी अकरा फेरे.
अकराव्याला एक बी दातांत अडकली
आणि कळ थेट कोपरापर्यंत.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणे.
मला सुचलं: गॅसचा नंबर लावायचा राहिलाय,
दूधवाल्याचे एकवीसच दिवस धरायचे,
आणि मंगळ बाजारातल्या ज्या पायरीवरून मी पडले
तिला अजून कुणी सिमेंट लावलं नसणार.

पूड तो वर घेऊन जायचा.
वास खाली राहायचा, माझ्या ओट्यावर, दुपारपर्यंत.
करपता करपता वाचलेल्या शेंगदाण्यांचा,
आणि त्यामागे कुठेतरी जुन्या कुलपाचा.

मार्चमध्ये, ज्या काउंटरमागे मी बसायचे
त्याच्या पुढे उभी राहिले.
जिग्नानं कार्ड पाहिलं, चेक पाहिला, मला पाहिलं.
काम मीच शिकवलं होतं तिला, चोख शिकली होती.
"मॅडम, सही मळती नथी."

ह ठीक होता. ब ठीक होता.
शिरोरेघ जरा घसरलेली, ती चालून गेली असती.
हळबेमधला ळ अडला.
बाकीची अक्षरं बोटांनी काढता येतात,
ळच्या दोन वळणांना मनगट लागतं.
माझा नुसता आडवा पडून होता, ऊन लागलेल्या कुत्र्यासारखा.

मग मी फेरे मोजायचं सोडलं.
एप्रिलात एका सकाळी फिरवता फिरवता
मूठ एकदम हलकी झाली.
दचकले. म्हटलं, मोडलं पोराचं यंत्र.
"खतम, आंटी. अंदर कुछ नहीं है."
आत काही उरलं नाही की डोळ्यांआधी हाताला कळतं.
पण हात माझा, तो आणखी चार फेरे फिरतच राहिला,
दुखायचं विसरून.

मेमध्ये प्रज्वल गावी गेला.
मातीची सात डोकी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली,
त्यांच्यावर पाणी शिंपडायचं काम मला,
आणि नळी, आणि अर्धी पिशवी बिया.
मी चहाच पिते.
पूड डब्यात भरून फिजिओवाल्या बाईंना देते, त्या नको म्हणतात, घेतात.

परवा पासबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
सही करून पाहिली.
ळ आला.
जुना नव्हे. थोडा रुंद, घाई नसलेला,
खालच्या वळणावर किंचित भरड.
जिग्नाला म्हटलं, नवं कार्ड काढ.
ही घे. यापुढे अशीच येणार.