आठ आणि तीन

लुव्हेनला तेव्हा आम्ही गुणसूत्रं कात्रीनं कापायचो,
फोटोतून, एकेक, सुरवंटासारखी,
आणि जोड्या लावून डिंकानं चिकटवायचो.
माझी कात्री आईची होती, काजं करायची.

नमुना एकशे बारा. कानापुढची गाठ, डावी.
नऊ वर्षांची, न दुखणारी.
नावं आम्हाला सांगत नसत. पण अख्ख्या हागेलंडात
गालात अक्रोड धरल्यासारखा हिंडणारा माणूस एकच:
फिर्मिन, आमच्या कुंपणापलीकडचा गोठेवाला.

आठव्याची जोडी लागेना. तिसऱ्याचीही.
वाटलं, कात्री घसरली.
पुन्हा फोटो, पुन्हा डिंक.
पेशीमागून पेशी तेच:
आठाचा तुकडा तिनाकडे, तिनाचा आठाकडे,
दोन घरांनी सुना बदलून घ्याव्यात तसं, विनातक्रार.

जनुक हाती लागायला पुढे वर्षं गेली.
जस्ताची बोटं म्हणे त्याला. सात.
जस्त म्हटलं की मला फिर्मिनच्या बादल्या दिसत,
जानेवारीत हाताला डसणाऱ्या.

गर्भात तो राबतो. वाढ, म्हणतो, वाढ.
मग मूल जन्मतं, आणि लाळेच्या ग्रंथीत
तो पडून राहतो, बारसं उरकलेल्या पाळण्यासारखा.
त्याचं काही मोडलं नव्हतं.
एक अक्षर चुकलं नव्हतं.
फक्त बिऱ्हाड बदललं,
आणि नव्या घरात
दिवा मालवायची रीत नव्हती.

फिर्मिनला मी हे कधीच सांगितलं नाही.
एवढंच बोलले, पुष्कळ नंतर, कुंपणावरून,
की त्याच्याजवळच्या बदलानं गाई उंच होतात.
"कुणाच्या?" त्यानं विचारलं. "माझ्या तर नाहीत."

डॉक्टरांनी गाठ काढली, चेहऱ्याची नस जपून.
हसू शाबूत राहिलं. पण लाळेच्या बारक्या नसा
परत वाढताना वाट चुकल्या,
घामाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

रविवारी त्यांच्याकडे जेवायला होते.
लिस्बेतनं व्हिनेगरमधले कांदे पुढे केले,
आणि फिर्मिनच्या डाव्या गालावर
कानापासून हनुवटीपर्यंत
थेंब फुटले, ओळीनं.

तिनं न बघता रुमाल दिला.
त्यानं न बघता घेतला.

"तोंडाला सुटायचं," तो म्हणाला,
"ते गालाला सुटतंय,"
आणि आणखी एक कांदा उचलला.