दुकान क्रमांक त्रेसष्ट

जुलैत आम्ही डिसेंबर कापतो.
बाहेर तालकावानोचं बंदर, मासळीच्या भुकटीचा वास,
आत शेगडीभोवती वाळत घातलेले मोजे
आणि टेबलावर पुठ्ठ्याचा बर्फ.
आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो,
लोक कलिंगड काखोटीला मारून रांगेत उभे राहतात,
पण सान्तियागोच्या कचेरीला बर्फच लागतो.
यास्नाने जन्मात दोनदा बर्फ पाहिलाय,
दोन्ही वेळा चिखलात मिसळलेला.
तिच्या कात्रीखालून मात्र निघतो तो कोरा करकरीत.

शहाऐंशी दुकानं, शहाऐंशी खोकी, यादी माझ्याकडे.
सातव्यात खांब मधोमध.
एकोणिसाव्यात छत ठेंगणं, चांदणीचं वरचं टोक छाटा.
अशी ठेंगणी दुकानं सतरा,
म्हणजे दरसाल सतरा टोकं, जी फेकवत नाहीत.
त्यातलं एक माझ्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे.
चार वर्षं झाली, हलत नाही टेबल.

लावायला जातो निबाल्दो, रात्री,
शटर पडल्यानंतर, पाववाला यायच्या आत.
शिडी, दुहेरी चिकटपट्टी, थर्मास.
पहाटे फोटो पाठवतो. फोटोत तो कधीच नसतो,
फार तर फ्रीजच्या काचेत त्याची टोपी.

मार्चमध्ये पंच्याऐंशी फोटो आले:
वह्या, दप्तरं, पुठ्ठ्याची पिवळी पेन्सिल, माणसाहून उंच.
आणि त्रेसष्ट नंबर, लेबू: बर्फ.
मी फोन लावला.
दोन्या एर्मिंदा म्हणाल्या, काढू कसा, पोरी?
मागच्या धक्क्याने भिंत फुटलीय, वीतभर.
गवंडी उद्या येतो, उद्याच येतो, सहा महिने.
बर्फ हलवला की शेजारच्या न्हाव्याचा आरसा दिसतो,
आणि आरशात आमच्या भाजीच्या टोपल्या.
लोक विचारत नाहीत?
विचारतात. मी सांगते, यंदाचा नाताळ लवकर आणलाय.

जेवणाच्या सुट्टीत यास्नाला सांगितलं.
शिळा होणार नाही असा तुकडा हवा होता.
फळं? त्यांना मोसम.
फुलं? त्यांना तर आठवडा.
समुद्र म्हणावा, तर तो त्यांच्या दारातच आहे,
फुकट.
तिने भाकरीचा तुकडा तसाच ठेवला, म्हणाली,
भिंतीचा रंग विचार.
सायीचा, दोन्या एर्मिंदा म्हणाल्या,
पण जुन्या सायीचा, जरा चहा सांडलेल्या.
दोन दिवस यास्ना रंग कालवत बसली.
मग तिने भिंत रंगवली, पुठ्ठ्यावर, भिंतच.
उडालेला पोपडा काढला, खिळ्याचं भोक काढलं,
खिळा मात्र नाही काढला.
इतकं खोटं नको, म्हणाली.

पाठवणीच्या फॉर्मवर हंगामाचा रकाना असतो.
रिकामा सोडला, संगणक पुढे सरकेना.
लिहिलं: कायम. नाकारलं.
लिहिलं: भिंत. नाकारलं.
लिहिलं: नाताळ. लगेच गेलं.

पहाटे निबाल्दोचा फोटो आला, त्यात काहीच नव्हतं.
लावलंस का, मी विचारलं.
नीट बघ.
मोठा करून बघितला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
भिंत होती. पोपडा होता. खिळ्याचं भोक होतं.
फ्रीजच्या काचेत टोपी, किंचित तिरकी.

कचेरीने शेरा मारला: त्रेसष्ट, सामान लावलेले नाही.
आम्ही गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी एक अनोळखी माणूस फोनवर.
मी लेबूचा न्हावी.
इतके महिने माझ्या बाजूने मला काय दिसतंय माहितेय?
नुसता तपकिरी पुठ्ठा, त्यावर बाण,
त्यावर लिहिलेलं: ही बाजू वर.
गिऱ्हाइकं मान वाकवून तेच वाचतात.
माझ्यासाठीही एक तुकडा करा, पैसे देतो.
मी वही ओढली. भिंतीचा रंग कोणता?
भिंत नको, तो म्हणाला.
मला बर्फ पाठवा.