डावीकडची ओढ

दगडावर पुढचं चाक चढलं
की गाडी आपोआप डावीकडे बघायची,
कुणी घरच्या नावाने हाक मारल्यासारखी.
मी काडीला हातही लावलेला नसायचा.

दीड फुटी जीप, दहास एक मापाची.
टपावर काडेपेटीएवढा डिझेलचा कॅन,
मागचं दार खरोखर उघडणारं.
बेलापूरला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
जेवायच्या टेबलावर पोट वर करून पडलेली.

दोष सापडायला तीन रविवार गेले.
सर्व्हो वर, चासीवर.
चाकं खाली, एक्सलवर.
मधे एक तिरका दांडा.
स्प्रिंग दबली की दांडा ढकलायचा
आणि चाकं वळायची, न सांगता.

मग सर्व्हो उतरवला, एक्सलवरच बसवला.
जिथलं काम तिथे.
टायरॉड पुढून काढून मागे घेतला,
दगडाने पहिली धडक त्यालाच देऊ नये म्हणून.

पितळी नकल एलिजा पेणकरने कातून दिले,
वागळे इस्टेटच्या आतल्या गाळ्यात.
"खेळण्याला पितळ?" म्हणाला,
आणि दोनदा पुन्हा लेथवर चढवून
एक्क्याऐंशी ग्रॅमला एक्क्याऐंशी ग्रॅम मिळवले.
गाडी नकली, नकल मात्र अस्सल.
पैसे पूर्ण घेतले.

शॉकमध्ये तेल भरलं की रात्रभर उभे ठेवायचे,
बुडबुडे घाईने वर येत नाहीत.
मिसळणाच्या डब्याशेजारी चार शॉक उभे.
बाबा पाणी प्यायला उठले, दिवा लावला,
आणि तांब्या हातात धरून तिथेच थांबले.

"मऊ कर अजून," सकाळी म्हणाले.
"कडक गाडी दगडाशी भांडत बसते.
आणि चाक खाली लोंबलं पाहिजे.
अंधारात पायरी चाचपतो ना आपण,
तसं."

बाबांनी पारसिकच्या खाणीत डंपर चालवला,
एकवीस वर्षं.
त्याबद्दल ते बोलत नाहीत.
उजवा खांदा बोलतो, सदरा घालताना.

खाण आता बंद. सकाळी सातला
तिथे कुत्री, आम्ही दोघं, आणि कापलेला डोंगर.
मी गाडी लावली एका तिरक्या कातळाला.
डावं चाक चढलं,
शॉक आत गेला, पूर्ण, शेवटपर्यंत,
उजवं चाक खाली लोंबलं, चाचपलं, टेकलं.
नाक सरळ.
मी इतक्या जोरात ओरडले की कुत्री पळाली.

मग रिमोट बाबांना दिला.
गाडी उजवीकडे वळली.
परत आणली, सरळ लावली.
पुन्हा उजवीकडे.
मी स्क्रू ड्रायव्हर काढला,
ट्रिम पाहिली, शून्यावर होती,
टायरॉड हलवून पाहिला,
सर्व्होचा हॉर्न,
पाना घेऊन गुडघ्यांवर बसले तेवढ्यात
वर बघितलं.

त्यांचा अंगठा काडीवर
किंचित उजवीकडे रेललेला होता.
त्यांना पत्ता नव्हता.

"बाबा, अंगठा."

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.
"आमची गाडी डावीकडे ओढायची," म्हणाले,
"पहिल्या दिवसापासून.
मालकाला सांगितलं होतं.
तो म्हणाला, हात आहेत ना."

मग वाकून, हळू,
उताणं केलेलं माझं खेळणं
त्यांनी खालून नीट बघितलं,
नखाने टायरॉड टिचकारला.

"तीन रविवार लागले म्हणतेस?"