टक्

जानेवारी, सकाळचे सात, सावदा.
केळीच्या घडांना गारठा लागू नये म्हणून
कोणीतरी बांधावर पाचोळा पेटवलेला,
आणि त्या धुरातून एक पांढरी गाडी
माझ्या शेडसमोर येऊन थांबली.
गाडी थांबली. पंखा थांबला नाही.
जणू मागचा मे महिना
तिच्या एकटीच्याच बॉनेटखाली राहून गेला होता.

"चावी ही," फिरके म्हणाले, खिशातून काढून दाखवली.
"आन पंखा तो. पंधरा दिवस झाले भो."

रोज रात्री ते बॅटरीची वायर सोडतात,
सकाळी पुन्हा आवळतात.
दहा नंबरचा पाना उशाशी घेऊन झोपतात
आणि दोनला उठून बॉनेट चाचपून येतात,
हे मंदाबाईंनी सांगितलं, मागच्या सीटवरून,
मांडीवर वांग्यांची पिशवी, कानाला शाल.

रेडिएटरवर तळहात ठेवला. गार.
कूलंट काठोकाठ.
मग सेन्सर. त्याची पिन उपटली की गाडी घाबरते,
आपण किती तापलो ते कळत नाही,
म्हणजे तापलोच, असं धरून पंखा लावते.
पण इथं पिन लावा, काढा, काहीच फरक नाही.
पंखा कोणाचं ऐकतच नव्हता.
उस्ताद नबाब तडवी म्हणायचे,
न ऐकणाऱ्याशी वाद घालू नको,
मधला निरोप्या पकड.

फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं.
"रिले," फिरके म्हणाले, मी तोंड उघडायच्या आत.
बत्तीस वर्षं दीपनगरला, कंट्रोल रूममध्ये.
"आमच्याकडे असा एक चिकटला असता ना,
तर अर्धं खान्देश अंधारात."
"अर्धं नाही हो," मागून आवाज आला. "फेकरीपर्यंत."

रिले उपटला. पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन निजला,
आणि इतका वेळ ऐकू न आलेलं सगळं ऐकू आलं,
पिंपात ठिबकणारा नळ,
चक्कीचा पट्टा, मंदाबाईंचा सुस्कारा.

आता खात्री.
हॉर्नचा रिले याच मापाचा. तो पंख्याच्या जागी लावला, शांत.
पंख्याचा हॉर्नच्या जागी
आणि गाडीनं भोंगा लावला.
केळीच्या ट्रकवरचा हमाल घड टाकून बघायला लागला,
बाकाखालची कुत्री रस्त्यापार,
मी पक्कड शोधतोय, पक्कड सापडत नाही,
तेवढ्यात माझ्या कोपराखालून एक हात आला
आणि न बघता, बरोबर तोच, उपसून गेला.

मग फिरके त्या हाताकडेच बघत राहिले.
सहा वर्षं झाली म्हणे निवृत्त होऊन.

स्क्रू ड्रायव्हरनं त्याचं काळं कवच उचकटलं.
आत दोन ठिपके, मसुरीच्या डाळीपेक्षा बारीक,
कधीतरी ठिणगी उडून एकमेकांत वितळलेले.
कॉइलनं केव्हाच सोडलं होतं.
यांनीच सोडलं नव्हतं.
फिरक्यांनी नखानं दाबलं.
टक्.
"एवढंच?"
"एवढंच."

नव्या रिलेचे एकशे ऐंशी.
मजुरीऐवजी दोन वांगी, बामणोदची, हिरवीगार, भरताची.
जुना रिले त्यांनी रुमालात बांधून नेला.
पाना माझ्या बाकावर राहिला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
"बंद आहे."
"काय?"
"पंखा. आत्ताच बघून आलो."
अंगणातूनच बोलत असावेत,
श्वास थंडीनं तुटत होता.
"बंदच राहील साहेब. झोपा आता."
"हो हो. झोपतो."
पण फोन ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.
थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला,
टक्,
आणि जरा थांबून,
पुन्हा टक्.