शेड कार्डात नसलेला

फ्रेमचा प्रश्न नव्हता. फ्रेम माझ्याच हातातली.
अंबडच्या आमच्या भट्टीत
शनिवारच्या शेवटच्या लॉटमागे टांगली,
काळी पावडर, दोनशे डिग्री, वीस मिनिटं.
बेअरिंगच्या वाट्या तेवढ्या आधी टेपनं झाकल्या.
रिमा, स्टँड, चेनकव्हर, सगळं तसंच.
सायलेन्सरला पावडर टिकत नाही,
तो रोज स्वतःच भट्टी होतो;
त्याच्यासाठी ताप सोसणारा वेगळा डबा,
आणि पहिल्या किकला उठणारा वास सोसायची
शेजाऱ्यांची तयारी.

अडलं ते टाकीपाशी.
टाकी भट्टीत घालत नाहीत.
चाळीस वर्षांचं पेट्रोल मुरलेलं असतं आत,
कितीही धुतली तरी
विश्वास ठेवायचा नसतो.

म्हणून वडाळा नाका, शकूर मिस्त्री.
पूर्वी ते ओझरकडे द्राक्षांवर औषध मारायचे.
गन हातात आली की अजून त्यांचं मनगट
वेलींच्या ओळीतून चालत जातं,
मध्ये थांबत नाही.
थांबलं की ओघळ.

"ग्लॉस की मॅट?
पोरं हल्ली मॅट मागतात, अन् महिन्यानं रडत येतात.
मॅटला ओरखडा गेला तर पॉलिश मारता येत नाही,
घासाल तेवढीच जागा चकाकते.
ग्लॉस घ्याल तर हा पोचा दिसेल,
गुडघ्यापाशी, हा बघा.
सॅटिनचं कुणाशी भांडण नाही.
एनॅमल स्वस्त पडेल,
पण पेट्रोल सांडलं की पाघळतो.
टू-के मारू, हार्डनरवाला, वर क्लिअरचे दोन हात.
फक्त घाई नका करू ताई, थंडी आहे.
थंडीत रंग वरून वाळतो
अन् आतून ओलाच राहतो."

मी म्हटलं, आधी खरवडू तर.

काळा निघाला. तो मागच्या मालकाचा.
लाल निघाला. तो दादानं गाडी विकण्याआधीचा,
कॉलेजातला, ब्रशनं मारलेला.
मग पुट्टी, जाड, पिवळट.
आणि पुट्टीच्या कडेला
रुपयाएवढा
तो.

हिरवा म्हणावा तर नाही. राखाडीही नाही.
सुकलेल्या गवती चहाच्या पातीला
उन्हाकडे उलटं धरावं तसा काहीतरी.

शकूरभाईंनी शेड कार्ड उलगडलं,
तीनशे पट्ट्या.
मग चष्मा काढला.
"कंपनीचा नाही हा."

अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये, शाईच्या खात्यात.
एकतीस वर्षं.
रोज गेटवर झडती, रोज हात धुऊन बाहेर,
नखांच्या कोपऱ्यातसुद्धा काही नसायचं.
आज कुठला रंग होता, असं विचारलं
की म्हणायचे, भाजी कुठली आहे?

आईला फोटो पाठवला.
बऱ्याच वेळानं तिचा फोन आला.
"न्हाणीत बसून ढवळला होता. तीन डब्यांतून.
दिवा घालवायचे, लावायचे, बघायचे.
तू पोटात होतीस, मला वासानं उलट्या."
मग म्हणाली, "पोचा आहे का अजून?"
आहे म्हटलं.
"असू दे," म्हणाली, आणि कशाचा ते सांगितलं नाही.

दोन दिवस पत्र्याच्या झाकणावर थेंब मांडत गेलो.
ओला रंग खोटं बोलतो, वाळला की एक घर खाली उतरतो,
आणि पारख दारात उभं राहून उन्हात,
ट्यूबलाइटखाली नाही.
चौथा जवळ आला. सातवा आणखी जवळ.
आठव्याला शकूरभाई म्हणाले, "आता पुढे गेलो तर लांब जाऊ."

सातवाच ठरला. सॅटिन. पुट्टी न भरता.

प्राइमरआधी थिनरचा बोळा फिरवायचा होता.
मला वाटलं होतं, काहीतरी खास असेल,
प्रेसमधलं, कधी न पुसलं जाणारं.
साधा एनॅमल होता, दुकानातला.
एका फेरीत निघाला,
बोळ्यावर थोडा, बाकी अंगठ्यावर,
रेषारेषांत जाऊन बसला.

घासला नाही.

सोमवारी कंपनीच्या गेटवर
हजेरीच्या मशीननं तीनदा लाल दिवा दाखवला.
वॉचमन म्हणाला, मॅडम, अंगठा ओळखत नाहीये,
दुसरं बोट लावा.