निशाणी त्रेचाळीस

मी नाझर शाखेत असतो, शिवाजीनगर कोर्टात.
माझ्या कपाटात घरं आहेत, विकून झालेली,
पावतीएवढी घडी घातलेली.
खालून मेट्रो गेली की कपाटाची कडी वाजते.

त्यातलं एक विश्रांतवाडीचं.
दोन खोल्या, तिसरा मजला,
गॅलरीतून उतरणाऱ्या विमानाची चाकं दिसायची म्हणे.
मी पाहिलेलं नाही.
कमिशनरनं ते विकलं एकतीस लाख चाळीस हजारांना
आणि रक्कम माझ्या टेबलावर आली:
मुदत ठेव, दर मार्चला नूतनीकरण.
अकरा मार्च मी ते घर पुढे ढकललं.

घर उभं होतं तोवर वाढत नव्हतं,
आकडा मात्र वाढला.
माणसंही वाढली.
सुदाम धिवार, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला फिटर,
मृत्युपत्र न करता गेला.
मग दाव्याच्या मध्यावर थोरला शैलेंद्र गेला,
त्याची बायको आणि दोन पोरं रेकॉर्डवर आली,
धाकटा तर अज्ञान, तर्फे आई.

आणि प्रतिवादी नंबर चार, मालन ओव्हाळ.
करारनाम्यात तिचं एक अक्षर नाही,
लग्नाचा दाखला नाही, रेशनकार्डावर नाही.
होती फक्त एक वही.
दुसऱ्या पाळीला डबे किती गेले, पैसे किती आले,
दहा तारखेला बँकेत किती भरले,
महिन्याला एक ओळ, अशा एकशे चौतीस.
वकील म्हणाले, डबे म्हणजे हप्ते नव्हेत.
दुसरे वकील म्हणाले, मग हप्ते म्हणजे काय?
तारीख पडली.

शनिवारी मध्यस्थीची बैठक होती.
शिल्लक सांगायला मला बोलावलं होतं.
मी म्हणालो, बासष्ट लाख अठरा हजार चारशे सात.
कुणी काही बोललं नाही,
सरबताच्या ग्लासांना घाम आलेला.

संघमित्रानं वही मागितली, तिला बेरीज तपासायची होती.
अकरा वर्षं आम्ही सगळ्यांनी ती एकाच बाजूनं उघडली होती,
जिकडून मालनबाईंनी सुरू केली तिकडून.
तिनं सहज उलटी धरली.

सहावी ब. विषय भूगोल.
निळ्या पेन्सिलीची भीमा,
खाली बाईंचा लाल शेरा: नद्यांना नावे दे.

ती बराच वेळ नावाच्या जागा बघत राहिली.
मग म्हणाली, ही रद्दीत गेली होती.
दादा म्हणाले होते, रद्दीत गेली.

मालनबाई खाली मान घालून म्हणाल्या,
त्यांनीच आणून दिली.
अर्धी कोरी होती.

त्यानंतर दोन्ही वकील टिपणं काढायला लागले,
ती कुणी मागितली नव्हती.
साडेचारपर्यंत तीन वाटे ठरले,
एक मालनबाईंना.
शैलेंद्रच्या बायकोनं सही करताना
तारीख चुकवली, खोडून परत घातली.
सोमवारी आदेश, गुरुवारी धनादेश.
ठेवीच्या पावतीवर मी आडवी रेघ मारली.

आता माझ्या टेबलावर दोन अर्ज आहेत,
एकाच टंकलेखकाकडून आलेले,
मजकूर जवळपास तोच:
निशाणी त्रेचाळीस, मूळ वही, परत मिळणेबाबत.
एकीच्या अर्जात ‘माझे हस्ताक्षर’,
दुसरीच्याही.

साक्षांकित नकल देतो म्हणालो. दोघींनाही नको.
साहेबांनी शेरा मारलाय, परस्परांचे म्हणणे घ्या.
बासष्ट लाख एका दुपारी सुटले,
ह्याला किती मार्च लागतील कोण जाणे,
आणि ह्यावर व्याजही नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत मी वही काढली.
इकडून डबे संपतात, तिकडून नद्या संपतात,
मधे सात पानं कोरी आहेत.
मी ती दोनदा मोजली.
आमच्या शाखेला पानं मोजायचं कारण नसतं.